चारशे सतरा नंबरचा दोरा

...आणि वर मार्लिसबाई मला म्हणतात कशा, "एल्डन, फार काही नाही रे, बाराशे चौदाच तर वाक्यं आहेत!" बाराशे चौदा! अहो, अकरावीत शाळा सोडली तोवर मी एकूण तेवढी वाक्यं वाचली तरी असतील का? बोललो तर नक्कीच नसेन. आम्ही नीमी आडनावाची मंडळी उत्तरेकडच्या खाणींच्या पट्ट्यातली. आमच्या घरात वडील एकदा जेवताना "मीठ" असं म्हणाले, तर आईने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "बरं नाही वाटत का?" अशा घरातला मी, आणि इथे तुमच्यासमोर उभा राहून बोलतोय... पण तुम्हाला सांगतो, त्या तक्त्यात मी जे पाहिलंय ना, ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी मिनियापोलिसच्या बाहेर एका कंपनीत आहे. तिथे औषधाचा पंप बनतो. पुस्तकाएवढा, कमरेला लावायचा आणि हिंडायचं, नळीतून थेंबाथेंबाने औषध अंगात जात राहतं. पंपाच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं वरच्या मजल्यावर, पदव्या भिंतीवर टांगलेली. मी खालच्या मजल्यावर. माझं काम, ते नीट चालतं का बघणं, म्हणजे बटन दाबणं. तीन वर्षं दाबतोय. गळ्यात नारंगी बिल्ला. नारंगी म्हणजे कंत्राटी, निळा म्हणजे कायम. निळ्या बिल्ल्याला सगळी दारं उघडतात. नारंगीवाल्याने दारापाशी उभं राहून कोणी निळा येईपर्यंत स्वतःच्या बुटांकडे बघायचं. आणि माझा स्वभाव असा, की निळा आला तरी "जरा उघडता का?" असं तोंडातून निघत नाही! एकदा वीस मिनिटं बर्फात उभा होतो. शेवटी टपाल घेऊन आलेल्या माणसाने मला पाकिटांबरोबर आत सोडलं.

तर आमचे प्रमुख किप. कॅलिफोर्नियाचे. माणूस मनाने चांगला, पण तोंड बंद असताना मी त्यांना पाहिलेलं नाही. ते एक दिवस खाली आले, माझ्या पाठीवर थाप मारली... थाप! आमच्याकडे भाऊ लग्न करून आला तरी आम्ही लांबून मान हलवतो... आणि म्हणाले, "एल्डन, मित्रा! महिन्यानंतरच्या सोमवारी नवा पंप बाजारात जाणार, आणि मंगळवारी तुझा बिल्ला निळा! शब्द देतो! फक्त तेवढा तक्ता पुरा कर. तो सांभाळणारा माणूस मासे पकडायला म्हणून कॅनडात गेला, आणि तिकडूनच राजीनामा पाठवला रे त्याने!"

तो का परत आला नाही, हे मला तक्ता उघडल्यावर कळलं.

डाव्या बाजूला अटी. पंपाने हे केलंच पाहिजे, ते केलंच पाहिजे. उजव्या बाजूला चाचण्या. हे दाबा, ते ओढा, आता काय होतं ते लिहा. आणि मधे प्रत्येक अटीपासून तिच्या चाचणीपर्यंत एक जोड. सगळे त्याला लिंक म्हणतात. मार्लिसबाई दोरा म्हणतात, कारण त्या चर्चच्या तळघरात बसून गोधड्या शिवतात आणि जगातली कुठलीही गोष्ट त्यांना शिवलेली किंवा उसवलेली अशीच दिसते. दर्जा सांभाळणं हे त्यांचं खातं. आवाज इतका मऊ, की त्या रागावल्यात हे लोकांना घरी गेल्यावर कळतं. मागे येऊन उभ्या राहतात, पडद्यावर बोट ठेवतात आणि हळूच विचारतात, "दोरा कुठाय?"

बस. तेवढंच. "दोरा कुठाय?"

"ज्या अटीला चाचणी नाही, ती नुसती इच्छा झाली, एल्डन. आणि ज्या चाचणीला अट नाही, ती पोरकी. तिच्याकडे बघून कोणीतरी विचारणारच ना, बाई गं, तू इथे कशासाठी?"

कशासाठी! ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला हो! कारण मी शाळा सोडली ती याच प्रश्नापायी. पेल्टो सर फळ्यावर क्ष आणि य मांडत होते. मी शाळेत फक्त एकदाच हात वर केला, आणि विचारलं, "सर, हे कशासाठी?" सर म्हणाले, "परीक्षेसाठी." मी म्हटलं, "आणि परीक्षा कशासाठी?" सर म्हणाले, "वर्गाबाहेर उभा राहा." उभा राहिलो. बाहेर इतकं बरं वाटलं, की परत आत गेलोच नाही. आणि आता बघा, जगात अशी एक नोकरी आहे, जिथे प्रत्येक वाक्याला कॉलर धरून विचारायचं, तू कशासाठी? आणि त्याने उत्तर द्यायचं! नाहीतर ते खोडायचं! अहो, हे मला आठ वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं, तर मी पेल्टो सरांना तक्ता भरायला लावला असता!

तीन आठवडे मी दुसरं काही पाहिलं नाही. आणि काय काय सापडलं! अट अठ्ठ्याऐंशी, "इशाऱ्याचा आवाज मायक्रोवेव्हसारखा नसावा." हसलो मी. मग कारणाच्या रकान्यात बघितलं, तर एक आजोबा पंप ओरडला की उठून स्वयंपाकघरात जायचे, आणि काही गरम झालेलं नाही म्हणून परत येऊन बसायचे. आठवडाभर! अट तीनशे दोन, "रात्रीचा दिवा इतका मंद असावा की शेजारच्या माणसाची झोप मोडणार नाही." म्हणजे कोणाच्या तरी बायकोची झोप मोडली होती, आणि तिने ती इथपर्यंत कळवली होती! मला वाटत होतं हे सगळं वरच्या मजल्यावरच्यांनी डोक्यातून काढलं असेल. छे! प्रत्येक कोरड्या ओळीच्या मागे दोरा धरून गेलं, की पलीकडे कोणीतरी पायजम्यात उभं आहे!

मग व्हायचं तेच झालं, मला नादच लागला. लेंपी मावशीकडे राहतो मी. रविवारी तिने भट्टीतून हॉटडिश काढली. खिमा, बटाटे, वरून मशरूमचं सूप, सगळं ठीक, पण वाटाणे! तिला वाटाणे आवडत नाहीत, मला आवडत नाहीत, दोघं ताटाच्या कडेला सारतो, दर रविवारी. मी विचारलं, "मावशी, हे वाटाणे कशासाठी? दोरा कुठाय?"

"कसला दोरा? खा गपचूप."

"नाही, पण वाटाणे का घालतेस?"

"तुझ्या काकांना आवडायचे."

"अगं, काका जाऊन सहा वर्षं झाली!"

"मग?" मावशी म्हणाली. "म्हणून काय झालं?"

सगळे वाटाणे खाल्ले त्या दिवशी. कडेचेसुद्धा.

बरं, तर तक्त्यावरची शेवटची बैठक गुरुवारी आणि मी मंगळवारी पोचलो चाचणी क्रमांक चारशे सतराला. "जाड कातडी हातमोजे घाला. पंप कमरेला लावून चालू करा. मोजे न काढता 'थांबा' दाबा. पंप थांबला पाहिजे." ही चाचणी माझ्या ओळखीची होती हो! जुन्या पंपावर मी ती शंभरदा केलीय. मोजे खणातच असतात, आतून लोकर, वास कुत्र्याचा. अकरा वर्षं आमच्याकडचे लोक हे मोजे घालतायत, बटन दाबतायत, मोजे काढतायत. कशासाठी? कोणी विचारलेलं नाही! विचारलं तर ज्याने लिहिलंय त्याला वाईट वाटेल ना!

मी डावीकडे बघितलं. अट नाही. वर, खाली, कुठेच नाही. पोरकी!

आणि नव्या पंपावर ती चाचणी कोणी केलेलीच नव्हती, पुढे नुसतं लिहिलं होतं, "नंतर बघू." मी मोजे घातले. नव्या पंपाला बटनच नाही, सगळी गुळगुळीत काच, फार देखणा दिसतो. काचेवर "थांबा" असं लिहिलेलं. दाबलं. पंप चालू. जोरात दाबलं. पंप चालू. दोन्ही हातांनी दाबलं... अहो, त्या काचेला उघडं बोट लागतं, मोज्याचं कातडं तिला कळतच नाही!

मी वर गेलो. म्हणजे, दारापाशी उभा राहिलो. कोणीतरी आत घेतलं.

किप म्हणाले, "अट कुठली मोडते?"

"अट... नाहीये."

"मग चाचणीही नाही! नियम आहे, मित्रा! पोरकी चाचणी, काढून टाक! सोमवार! मंगळवार!" आणि माझ्या बिल्ल्याकडे बोट दाखवून एक डोळा मिटला.

नियम खराच आहे, हे तुम्हाला सांगतो. एक कळ दाबायची, चारशे सतरा नाहीशी, तक्ता पुरा, बिल्ला निळा. कोणालाही कळलं नसतं. कळीवर बोट ठेवलं मी... उघडं बोट, मोज्याविना... आणि मागून मऊ आवाज, "दोरा कुठाय?"

"नाहीये, मार्लिसबाई. पोरकी आहे."

"पोरकी आहे, की हरवलेली?" असं म्हणून त्या गेल्या कॉफी आणायला. ही बाई असं काहीतरी बोलून कॉफी आणायला जाते आणि माणूस मरतो मागे!

चाचणीखाली लिहिणारीची आद्याक्षरं होती. आर्डेलबाई. निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेली. फोन करायला हवा होता. मी! फोन! अर्धा तास नंबराकडे बघितलं, मग लावला. आता आमच्याकडे फोनवर लगेच कामाचं बोलणं म्हणजे चिखलाच्या बुटांनी दिवाणखान्यात जाणं. "तुमच्याकडे थंडी काय म्हणतेय?" "आहे बाबा. तुमच्याकडे?" "आहे." "वारा?" "वाराही आहे." "हं. तळं गोठलं?" "गोठलं." दहा मिनिटं हेच. मग मी म्हटलं, "आर्डेलबाई, त्या चारशे सतराचं..." आणि त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही.

"मोज्यांची?" त्या म्हणाल्या. "करता ना रे अजून?"

"अट सापडत नाही, बाई."

"तळघरात राखाडी कपाट आहे. तिसरा खण. अगदी मागे. अटीचं माहीत नाही बाळा, पण मी पत्र फेकलं नव्हतं."

कपाट होतं. खण होता. खणाच्या मागे, कोणाच्या तरी जुन्या मफलरखाली, निळ्या शाईचं एक पत्र होतं. मी ते आता पाठच म्हणतो, कारण त्या दिवसापासून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

"मंडळी, तुमचा पंप फार छान आहे. गेल्या महिन्यात मी गोठ्यात असताना सुईपाशी दंड सुजायला लागला, म्हणून पंप थांबवायला हवा होता. उणे तीस होतं. मोज्याने बटन दबेना, म्हणून मोजा काढला. दबलं, पण जरा वेळ लागला. चूक माझीच, घरात जायला हवं होतं, पण गाय अडली होती. दोन बोटांची टोकं गारठून गेली. तक्रार नाही, आपलं सहज कळवते. बटन थोडं मोठं करता आलं तर पाहा. फार त्रास होणार असेल तर राहू द्या. वासरू चांगलं आहे. आपली, जोर्गीन त्वाइट. ता. क. अक्षर वाईट आलंय, माफ करा. सध्या डाव्या हाताने लिहिते."

तक्रार नाही म्हणे! दोन बोटं गेली, आणि माफी कोण मागतंय? ती! अक्षराची! मी तिथेच खोक्यावर बसलो. अकरा वर्षं हजारदा बटन दाबलं असेल आमच्या लोकांनी, आणि दर वेळी, कोणाला ठाऊक नसताना, या बाईची बोटं तपासली जात होती. मी स्वतः शंभरदा तपासली होती. मला कोणी सांगितलं नाही, नाहीतर मी मोजे तरी इतके वेडेवाकडे फेकले नसते हो खणात.

आता अट गेली कुठे? जुन्या बैठकीच्या नोंदी काढल्या. दोन वर्षांपूर्वी किप नवे होते तेव्हाच्या. "अट एकशे सोळा, मोज्याने थांबवणे. किप यांचं म्हणणं, पंप घरात वापरायचा, घरात मोजे कोण घालतं? कोणाची हरकत? नाही. एकमताने काढली." हजर, दहा माणसं. पहिलं नाव, मार्लिस.

"बाई! तुम्ही होतात!"

"होते की."

"मग हरकत घेतली नाहीत?"

"घेतली ना!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला, म्हणजे मला ऐकू आला. "मी कपात बघितलं! नऊच्या नऊ माणसांनी मान खाली घालून कॉफीच्या कपात बघितलं! आणखी किती आरडाओरडा करायचा माणसाने?"

खरंच होतं हो. आमच्यातल्या कोणालाही विचारा, नऊ माणसं कपात बघतायत म्हणजे जवळजवळ दंगलच. पण किप कॅलिफोर्नियाचे! त्यांना वाटलं, कॉफी आवडली!

गुरुवार उजाडला. मधोमध मार्लिसबाईंच्या लिंबाच्या वड्या. त्यांतली एक उरली, की आमच्याकडे ती कोणी उचलत नाही. पहिला अर्धी कापतो, दुसरा त्याची अर्धी, तिसरा त्याची, शेवटी बशीत डासाएवढा तुकडा उरतो आणि सगळे त्याला सोडून निघून जातात. किपनी बोलता बोलता आख्खी वडी तोंडात टाकली, आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाले, "तर तक्ता पुरा! चारशे सतरा पोरकी, काढली! सोमवारी पंप बाहेर! कोणाची हरकत?"

नऊ माना खाली. नऊ कप.

माझ्यापुढेही कप होता. मस्त काळी कॉफी. त्यात मला माझा बिल्ला दिसत होता, नारंगी, हलत होता. चार दिवस गप्प बसायचं होतं फक्त. गप्प बसणं तर माझ्या घराण्याचा धंदा! आणि तुम्हाला सांगतो, मी तोंड उघडलं ते धीर आला म्हणून नव्हे. मला एकदम वाटलं, ती बाई आत्ता इथे असती, तर तीही कपातच बघत बसली असती. 'फार त्रास होणार असेल तर राहू द्या' म्हणत.

"आहे," मी म्हटलं. "माझी हरकत आहे."

कोणाचा तरी चमचा पडला. मार्लिसबाईंनी छातीवर हात ठेवला. मी पत्र वाचलं. आवाज इतका कापत होता की 'वासरू' शब्द तीनदा म्हणावा लागला. मग मी खिशातून मोजे काढून किपच्या पुढे ठेवले आणि पंप चालू करून दिला. किपनी मोजे घातले. दाबलं. पंप चालू. कोपराने दाबलं, कोपरावर स्वेटर होता. शेवटी वाकून नाकाने दाबलं, आणि पंप थांबला! "बघा!" किप म्हणाले. "नाकाने थांबतो!"

कोणी हसलं नाही. किपही हसले नाहीत. त्यांनी मोजे काढले, आतलं कातडं घासलेलं बघितलं, आणि मी पहिल्यांदा त्यांना तोंड मिटून बसलेलं पाहिलं. मग हळू म्हणाले, "मीच काढली होती ना ती अट?" नऊ माना पुन्हा खाली. या वेळी मात्र त्यांना कळलं. "सोमवार रद्द," ते म्हणाले. "बटन परत आणा. खरं बटन. मोठं."

सोमवार गेला, आणि सोमवारबरोबर माझा मंगळवार. पंप आता येईल शरदात. मी म्हटलं, ठीक आहे, नारंगी रंगही काही वाईट नाही, बर्फात लांबून दिसतो. पण मार्लिसबाई एकशे सोळा नंबरची अट परत लिहायला बसल्या आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "या रकान्यात मालक लागतो. अटीचा मालक कायमचा माणूसच असावा लागतो, नियम आहे." माझं नाव टाकलं. आणि शुक्रवारी निळा बिल्ला माझ्या टेबलावर! नियमाने! मी दारापाशी गेलो, दार आपोआप उघडलं, मी आत गेलो, बाहेर आलो, परत आत गेलो... चार वेळा. त्वाइटबाईंना पत्र टाकलं, की बटन परत येतंय. उत्तर आलं, "उगीच माझ्यासाठी एवढा खटाटोप केलात." डाव्याच हाताने लिहिलेलं. अक्षर आता छान झालंय.

आता इथे संपलं असतं तर काय बिघडलं असतं? पण पुढच्या गुरुवारी किपनी बैठक घेतली. "मंडळी, मी शिकलो! चारशे सतरा आता नीट करायची. टेबलावर बसून नाही, शीतघरात! उणे तीसमध्ये! मोजे घालून, तीनशे वेळा! आणि अटीचा मालक एल्डन आहे, म्हणजे करणार एल्डन! कोणाची हरकत?"

तीनशे वेळा! उणे तीस! मला आता बोलता येत होतं हो. तोंड होतं, निळा बिल्ला होता, हरकत तर एवढी मोठी होती. आणि शेजारून मऊ आवाज आला, "दोरा कुठाय, एल्डन?" दुसरं टोक माझ्याच कमरेला होतं, अजून कुठे असणार?

मी कपात बघितलं.

किपनी लिहून घेतलं... एकमताने.